जेवणाच्या सुट्टीत चढणारं व्होल्टेज: निफाडच्या एका द्राक्ष पॅकहाउसचं प्रकरण

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलाचा फोन आला. "साहेब, सोलर बसवल्यापासून जनरेटर बिघडलाय. दोन एव्हीआर बदलून झाले. आता तिसरा मागवू का?" एव्हीआर म्हणजे जनरेटरचं व्होल्टेज आपोआप सांभाळणारा भाग. हंगाम ऐन भरात होता. सकाळी काढलेला माल दुपारी प्री-कूलिंगला लावायचा, रात्रभर गार करायचा, मग शीतगृहात आणि तिथून थंड राखणाऱ्या रीफर कंटेनरने न्हावा-शेवाला. या साखळीत चार तास कॉम्प्रेसर बंद राहिले तर द्राक्षाची देठं सुकायला लागतात, आणि सुकलेल्या देठाचा माल युरोपात कोणी घेत नाही. मी त्याला म्हटलं, तिसरा मागवू नकोस, मी उद्या येतो.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण त्यानंतर मला अशीच आणखी काही ठिकाणं दिसली. कुठे पोल्ट्री होती, कुठे दूध संकलन केंद्र, कुठे पॉलिहाउस. शेताच्या आवारात छतावर सोलर आलं, आधीपासून डिझेल जनरेटर होता, आणि दोघांचं जमेना. प्रत्येक ठिकाणी पहिला संशय एव्हीआरवरच गेला होता.

आधी तिथे काय-काय होतं ते सांगतो. महावितरणची थ्री-फेज एलटी, म्हणजे कमी दाबाची जोडणी. ८२.५ केव्हीएचा जनरेटर, म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला (एकूण विजेतला खऱ्या कामाचा वाटा) ६६ किलोवॅट; इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक गव्हर्नरचा, वीज गेली की आपोआप सुरू होणारा. पॅकहाउसच्या पत्र्यावर ४० किलोवॅटचं सोलर आणि त्याला २० किलोवॅटचे दोन ऑनग्रिड इन्व्हर्टर. प्री-कूलिंगचे १५ एचपीचे दोन कॉम्प्रेसर, शीतगृहाचा १० एचपीचा एक. चेंबरमधले पंखे आणि दिवे मिळून ७ किलोवॅट. प्रतवारी आणि पॅकिंगची लाइन, तिचे पट्टे, एअर कर्टन वगैरे धरून ८ किलोवॅट. सगळं एकदम चाललं की भार ४२ किलोवॅटच्या आसपास, आणि मोटारींचं चुंबकत्व उभं करणारी रिॲक्टिव्ह वीज ३१ केव्हीएआर.

सोलरची निवड अगदी योग्य होती, हे आधी सांगून टाकतो. द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये सगळ्यात जास्त वीज भर दुपारी लागते, कारण सकाळचा माल तेव्हा प्री-कूलिंगमध्ये असतो. ऊन आणि गरज एकाच वेळी येणारा शेतीतला असा धंदा शोधून सापडणार नाही.

तक्रार ऐकताना मी दोन गोष्टी विचारल्या. नेमकं काय होतं? आणि किती वाजता होतं? पहिल्याचं उत्तर घरातल्या तिघांनी तीन तऱ्हेनं दिलं. मुलाचे वडील, आबा, म्हणाले, लाइट डीम-फुल होते. मुलगा म्हणाला, व्होल्टेज चढतं, दिवे उडतात, एका चेंबरचं कंट्रोल कार्ड जळलं. पॅकहाउस सांभाळणारा पुतण्या म्हणाला, "दादा म्हणतो ते खरंय, पण माझा त्रास वेगळाय. जनरेटर चालू असतो, दिवे लख्ख असतात, आणि कॉम्प्रेसर काही केल्या चालू होत नाही. मग थोड्या वेळानं आपोआप होतो."

किती वाजता, याचं उत्तर मुलाच्या मोबाइलमध्ये होतं. प्रत्येक वेळी त्यानं पॅनेलच्या मीटरचा फोटो काढून जनरेटरच्या सर्व्हिसवाल्याला पाठवला होता. मी ते फोटो वेळेप्रमाणे लावले. बहुतेक दुपारी सव्वा ते दोनच्या मधले. काही रात्री अडीच-तीनचे. दुपारच्या काही फोटोंत आकडे हलताना धूसर झालेले, बाकीच्या सगळ्यांत आकडा स्थिर: ४६५, ४६८, ४७०. सकाळी दहाचा एकही फोटो नाही. सकाळी वीज जात नव्हती असं नाही. त्या महिन्यात लाइनवर काम चालू होतं आणि वीज केव्हाही जायची.

सव्वा ते दोन म्हणजे बायकांची जेवणाची सुट्टी. पॅकिंगची लाइन बंद.

इथे मला पहिल्यांदा वाटलं की आपण एक दुखणं शोधतोय, पण आहेत दोन.

एव्हीआर म्हणजे काय आणि तो काय करू शकत नाही, हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडं तिकडे वळतो. जनरेटरच्या आत रोटर फिरतो, तो एक विद्युतचुंबक असतो. त्याचं चुंबकत्व जास्त तर स्टेटरमधून, म्हणजे भोवतीच्या न फिरणाऱ्या भागातून, मिळणारं व्होल्टेज जास्त. आजच्या ब्रशलेस अल्टरनेटरमध्ये (जनरेटरचा वीज बनवणारा भाग) रोटरला थेट वीज देत नाहीत. त्याच दांड्यावर एक छोटा जनरेटर असतो, एक्सायटर. एव्हीआर या एक्सायटरच्या स्थिर गुंडाळीला थोडासा डीसी प्रवाह देतो, एक्सायटरच्या फिरत्या भागात एसी तयार होतो, दांड्यावरच बसवलेले डायोड त्याचं डीसी करतात आणि तो प्रवाह मुख्य रोटरला मिळतो. एव्हीआर सतत बाहेरचं व्होल्टेज बघत असतो. भार आला, व्होल्टेज पडलं, की डीसी वाढव. भार गेला, व्होल्टेज चढलं, की डीसी कमी कर. एवढंच त्याचं काम, आणि ते तो सेकंदाच्या छोट्या भागात करतो.

पण कमी करता-करता तो शून्यापर्यंतच जाऊ शकतो. अशा साध्या एव्हीआरला उलटा डीसी देता येत नाही. हौदाचा व्हॉल्व्ह पूर्ण फिरवून बंद केला, तरी बांधाखालून पाणी झिरपत असेल तर हौद भरतच राहणार. व्हॉल्व्हला दोष देऊन, तो बदलून, पुन्हा बदलून काय होणार?

म्हणून एव्हीआरची परीक्षा करायची तर बाहेरच्या व्होल्टेजवरून करू नये. एक्सायटरच्या फील्डला, म्हणजे त्याच्या स्थिर गुंडाळीला, जाणाऱ्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावून डीसी मोजावा. बाहेर व्होल्टेज जास्त आणि फील्डवरही डीसी जास्त, तर एव्हीआर खरोखरच बेताल झालाय. बाहेर व्होल्टेज जास्त आणि फील्डवर डीसी जवळपास शून्य, तर एव्हीआर जीव तोडून व्होल्टेज खाली आणायचा प्रयत्न करतोय आणि ते दुसरंच कोणीतरी वर चढवतंय. माझ्या मते ही दोन मिनिटांची चाचणी आधी झाली असती तर दोन्ही एव्हीआरचे पैसे वाचले असते. सर्व्हिसवाला माणूस वाईट नव्हता. तो जनरेटर बघायला आला होता आणि त्यानं जनरेटरच बघितला. मोकळ्यावर चालवला की ४१५ व्होल्ट स्थिर. मग म्हणायचा, नवीन एव्हीआर चांगला बसला.

रात्रीची चाचणी

मी संध्याकाळी पोचलो होतो, त्यामुळे रात्रीचं दुखणं आधी हाताशी आलं. मेन बंद केली, जनरेटर सुरू झाला, कॉम्प्रेसर तिन्ही चालू होते, व्होल्टेज ४१५. मग चेंबरचे थर्मोस्टॅट मी हातानं वर केले. एक कॉम्प्रेसर सुटला, म्हणजे बंद झाला: ४१५. दुसरा सुटला: ४१८. तिसरा सुटला आणि आकडा चढायला लागला, ४३०, ४५०, आणि ४६८ वर जाऊन थांबला. एका फेजचे २७० व्होल्ट. २३० च्या दिव्यांना आणि कार्डांना हे झेपणारं नव्हतंच. फील्डवर मल्टिमीटर लावलेला होता. डीसी ०.६ व्होल्ट.

थर्मोस्टॅट खाली आणले. कॉम्प्रेसर सुरू व्हायला हवे होते. झाले नाहीत. त्यांच्या पॅनेलमध्ये व्होल्टेज बघणारा रिले होता, तो दहा टक्क्यांच्या वर व्होल्टेज असेल तर कॉम्प्रेसरला परवानगी देत नाही. ४१५ वर दहा टक्के म्हणजे साधारण ४५६. आम्ही ४६८ वर उभे. म्हणजे कॉम्प्रेसर चालू झाला तर व्होल्टेज उतरेल, आणि व्होल्टेज उतरलं तरच कॉम्प्रेसर चालू होईल. पुतण्याचं कोडं हेच होतं. रात्री तो काय करायचा, तर पॅकिंगची लाइन रिकामीच फिरवायचा. तसं केलं की कॉम्प्रेसर चालू होतात, एवढं त्याच्या लक्षात आलं होतं, का ते कोणी सांगितलं नव्हतं. मला त्या पोराचं फार कौतुक वाटलं. दोन एव्हीआर बदलणाऱ्यांपेक्षा तो उत्तराच्या जास्त जवळ होता.

आता ते दुसरं कोण, ते शोधायचं. मेन पॅनेल उघडलं. बसबारवर, चेंजओव्हरच्या पुढे, म्हणजे महावितरणची वीज असो की जनरेटरची, दोन्हींत जोडलेला राहील अशा जागी एक कपॅसिटर होता. ४४० व्होल्टला ३० केव्हीएआर. मध्ये नुसता एमसीसीबी, म्हणजे हातानं चालू-बंद करायचा ब्रेकर; आपोआप जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर नाही, रिले नाही. कायम चालू.

एमसीसीबी बंद केला. त्याच क्षणी व्होल्टेज ४१५, फील्डवर डीसी १२ व्होल्ट. कॉम्प्रेसर एकामागून एक सुरू झाले.

कपॅसिटरनं व्होल्टेज का चढवलं? मोटारीचा प्रवाह व्होल्टेजच्या मागून येतो. स्टेटरमधला असा मागून येणारा प्रवाह रोटरच्या चुंबकत्वाला कापतो, म्हणून एव्हीआरला डीसी वाढवावा लागतो. कपॅसिटरचा प्रवाह व्होल्टेजच्या पुढे धावतो, आणि असा प्रवाह रोटरच्या चुंबकत्वाला विरोध न करता त्यात भर घालतो. जनरेटरला मग रोटरच्या चुंबकत्वाची गरजच उरत नाही. तो बाहेर लावलेल्या कपॅसिटरवरच उत्तेजित होतो. हिशेब करून पाहा. ४४० व्होल्टला ३० केव्हीएआर असलेला कपॅसिटर ४१५ ला साधारण २७ देतो. नुसते पंखे-दिवे चालू असताना ५ केव्हीएआर मोटारीच खातात, उरले २२. ८२.५ च्या मशीनसाठी हे सव्वीस-सत्तावीस टक्के झाले, आणि या आकाराच्या बऱ्याच अल्टरनेटरचा ताबा वीस टक्क्यांच्या आसपासच सुटायला लागतो. पुढे आणखी वाईट होतं, कारण कपॅसिटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं वाढते. ४६८ ला तोच कपॅसिटर ३४ केव्हीएआर द्यायला लागतो. चढलेलं व्होल्टेज स्वतःलाच आणखी चढवतं. लोखंडाचा गाभा चुंबकत्वानं भरून गेला म्हणून ४६८ वर थांबलं, नाहीतर आणखी वर गेलं असतं. पॅकिंगची लाइन चालू झाली की तिच्या मोटारी आणखी ७ केव्हीएआर खातात, उरतात १५, आणि एव्हीआरला पुन्हा लगाम सापडतो.

हा कपॅसिटर आला कुठून? सोलर बसण्याआधी तो नव्हता. इथे मला कोणालाच दोष द्यावासा वाटत नाही, कारण प्रत्येकानं आपापल्या जागी बरोबरच केलं होतं. सोलर बसण्याआधी महावितरणकडून ४२ किलोवॅट आणि ३१ केव्हीएआर यायचे, पॉवर फॅक्टर ०.८. सोलर दुपारी ३० किलोवॅट देऊ लागलं, पण निव्वळ किलोवॅट. ३१ केव्हीएआर महावितरणकडूनच यायचे राहिले. म्हणजे मीटरला दिसू लागलं १२ किलोवॅट आणि ३१ केव्हीएआर, पॉवर फॅक्टर ०.३६. युनिट कमी झाले आणि बिलात पॉवर फॅक्टरचा फटका आला. आबा वैतागले, गावातल्या वायरमनला बोलावलं, त्यानं ३१ बघून ३० चा कपॅसिटर लावला. बिल सुधारलं. पण जनरेटरचा विचार करायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सोलरवाल्यानं सोलर बघितलं, वायरमननं बिल बघितलं, सर्व्हिसवाल्यानं जनरेटर बघितला. तिघांच्या कामाचा एकत्र नकाशा कुणाच्याच हातात नव्हता, आणि शेतकऱ्याच्या आवारात तो कधीच कुणाच्या हातात नसतो. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. कारखान्यात निदान एक इलेक्ट्रिकल इंजिनिअर नोकरीला असतो.

हेच भौतिकशास्त्र देशाच्या आकाराचं झालं की काय होतं ते २८ एप्रिल २०२५ ला जगानं पाहिलं. भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल मिळून अंधारात गेले. तपासात पुढे आलं ते वीज कमी पडल्याचं कारण नव्हतं. व्होल्टेज चढत गेलं, चढलेल्या व्होल्टेजमुळे वीजकेंद्रं सुटली, आणि प्रत्येक सुटण्यानं ते आणखी चढलं. जादा रिॲक्टिव्ह वीज शोषून घ्यायची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांच्याकडून ती पुरेशी शोषली गेली नाही, आणि सोलरसारखी बरीच केंद्रं ठरावीक पॉवर फॅक्टरवर चालत होती, त्यांचा व्होल्टेज सांभाळण्यात हात नव्हता. त्या तपासाबद्दल वाचताना मला निफाडचं ते पॅनेलच आठवत होतं.

दुपारचं दुखणं

कपॅसिटर मिळाला म्हणून मी तिथून निघालो असतो तर अर्धंच काम झालं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पॉवर ॲनालायझर लावून बसलो. दुपारी काय-काय घडतं ते जसंच्या तसं नोंदवायचं होतं, म्हणून कपॅसिटर मुद्दाम चालू ठेवला, फक्त नाजूक कार्डांची वीज काढून घेतली. साडेबाराला मेन बंद केली.

ऑनग्रिड इन्व्हर्टर वीज गेली की थांबतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण जनरेटर सुरू झाला की इन्व्हर्टरला पुढ्यात पुन्हा ४१५ व्होल्ट आणि ५० हर्ट्झ दिसतात. ही महावितरणची वीज आहे की जनरेटरची, हे त्याला कळायचा काही मार्ग नसतो. नियमाप्रमाणे तो वीज स्थिर आहे का हे किमान मिनिटभर बघतो आणि जोडून घेतो. तसंच झालं. मिनिटाभरात सोलर चढत-चढत ३० किलोवॅटवर गेलं. जनरेटरवर राहिले १२. इंजिनाचा आवाज हलका झाला. आबा म्हणाले, "बघा, डिझेल वाचतंय." वाचत होतं, खोटं नाही.

सव्वाला बायका जेवायला उठल्या. पॅकिंगचे ८ किलोवॅट गेले. भार ३४, सोलर ३०, जनरेटरवर फक्त ४. दीड वाजता एका चेंबरचं तापमान उतरलं आणि १५ एचपीचा कॉम्प्रेसर सुटला. भार २४. सोलर अजून ३० च देतंय. जादाचे ६ किलोवॅट जाणार कुठे? जनरेटरमध्येच शिरले. अल्टरनेटर मोटार झाला आणि इंजिनाला ढकलू लागला. भरलेली गाडी उताराला लागली की बैल गाडी ओढत नाहीत, गाडीच बैलांच्या अंगावर येते, तसं. गव्हर्नरनं डिझेल तोडलं, पण वेग वाढायचा तो वाढलाच. फ्रिक्वेन्सी ५०.७ ला टेकली. आपल्याकडच्या नियमांनी इन्व्हर्टरला ५०.५ हर्ट्झच्या वर जोडलेलं राहायची मुभा नाही, सेकंदाच्या पाचव्या भागात सुटायचं. दोन्ही इन्व्हर्टर एकदम सुटले.

आता डिझेल तोडून बसलेल्या इंजिनावर एका क्षणात २४ किलोवॅट आदळले. वेग पडला, दिवे मंद झाले. एव्हीआरमध्ये एक शहाणपणाची सोय असते: वेग पडला तर तो मुद्दाम व्होल्टेजही पाडतो, म्हणजे इंजिनावरचा भार हलका होऊन त्याला सावरता येतं. व्होल्टेज ३५० पर्यंत गेलं. कॉम्प्रेसरच्या रिलेनं कमी व्होल्टेज बघून उरलेले दोन कॉम्प्रेसर सोडून दिले. राहिले पंखे आणि दिवे. इंजिन सावरलं, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे: कपॅसिटर पुढ्यात, ४६८ व्होल्ट, कॉम्प्रेसरला परवानगी नाही. इन्व्हर्टरचीही वरची हद्द ११० टक्केच, म्हणून तोही परत येत नाही. डोक्यावर फेब्रुवारीचं ऊन, पत्र्यावर ४० किलोवॅटच्या पट्ट्या, खाली डिझेल जळतंय, आणि द्राक्ष तापतंय. दोन वाजता बायका परत आल्या, लाइन सुरू झाली, सगळं सुरळीत.

आबांचं डीम-फुल, मुलाचं चढलेलं व्होल्टेज, पुतण्याचा चालू न होणारा कॉम्प्रेसर. तिघंही खरं सांगत होते. पाऊण तासात तिन्ही गोष्टी एकामागून एक घडत होत्या आणि ज्याला जी दिसली ती त्यानं सांगितली.

सायलेन्सरच्या जोडावर काळं चिकट तेल गळत होतं, तेही इथेच बसलं. डिझेल इंजिन फार हलक्या भारावर तासन्‌तास चाललं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल नीट जळत नाही, आणि न जळलेलं धुराड्यातून असं बाहेर येतं. सोलर जनरेटरचं काम काढून घेत होतं आणि त्याला रिकामं चालवत होतं. यातून दोन-तीन वर्षांत इंजिन उघडावं लागलं असतं.

काय केलं

कपॅसिटरचं काम त्याच संध्याकाळी झालं. कपॅसिटरसाठीच बनवलेला कॉन्टॅक्टर मध्ये घातला आणि त्याची कॉइल जनरेटरचा कॉन्टॅक्टर लागला की उघडणाऱ्या संपर्कातून नेली. जनरेटर भारावर आला की कपॅसिटर सुटलाच पाहिजे, दुसरा पर्याय नाही. महावितरणची वीज परत आल्यावर त्याला लगेच न जोडता वेळ मोजणारा रिले ठेवला, कारण कपॅसिटरमधला साठा आधी निघून जावा लागतो. दोन तासांचं काम, आणि सामानाचा खर्च एका एव्हीआरपेक्षा कमी.

दुसऱ्या दुखण्यावर मात्र घरात वाद झाला. माझं म्हणणं होतं, हंगाम संपेपर्यंत जनरेटर चालू असताना सोलर बंद ठेवायचं. सोलरच्या एसी पेटीत एक कॉन्टॅक्टर, जनरेटर आला की तो उघडेल. आबांना ते पटेना. "सूर्य फुकट देतोय ते बंद करायचं आणि डिझेल जाळायचं? मग सोलर कशाला बसवलं?" त्यांचं चुकत नव्हतं. त्यांनी आयुष्यभर रात्री-बेरात्री आठ तासांच्या विजेसाठी मोटारीवर जाऊन पाणी भरलंय. दिवसा फुकट मिळणारी वीज हातानं बंद करा असं त्यांना सांगणं मला जड गेलं. पण प्री-कूलिंगमध्ये कितीतरी टन माल होता, आणि वीज जाण्याचा वेळ दिवसाकाठी दीड-दोन तास. दोन तासांच्या डिझेलसाठी तो माल पणाला लावू नये, असं मी स्पष्ट सांगितलं. मुलानं बापाला समजावलं. "आबा, दीड महिना. मग बघू." कॉन्टॅक्टर लागला.

हंगामानंतर मे महिन्यात सोलर आणि जनरेटरला एकत्र चालवणारा कंट्रोलर बसवला. तो जनरेटरवरचा भार सतत मोजतो आणि इन्व्हर्टरना तारेवरून सांगतो, एवढंच द्या, जास्त नको. जनरेटरवर कायम किमान ३० टक्के, म्हणजे २० किलोवॅट ठेवायचे असं ठरवलं. मग सगळं चालू असताना, ४२ च्या भाराला, सोलरला २२ द्यायची मुभा. जेवणाच्या सुट्टीत १४. त्यातला मोठा कॉम्प्रेसर सुटला तर ४. रात्रीसारखा हलका भार असेल तर शून्य. कंट्रोलरचा निरोप पोचायला जो क्षण लागतो, तेवढ्यात कॉम्प्रेसर सुटला तरी २० ची गादी मध्ये आहे, म्हणून वीज उलटी शिरत नाही. तरीही उलट्या विजेचा रिले वेगळा लावला. या आकाराचा जनरेटर लिटरमागे साधारण साडेतीन युनिट देतो असं धरलं, तर भर दुपारी तासाला सहा लिटर डिझेल वाचतं. आबांना मी हा आकडा कागदावर मांडून दाखवला. पूर्वी त्यांना वाटत होतं त्यापेक्षा तो कमी आहे, पण खरा आहे.

पॉवर फॅक्टरचंही काम राहिलं होतं. ३० चा एकच कपॅसिटर काढून ५, १० आणि १५ चे तीन टप्पे केले आणि ते गरजेप्रमाणे जोडणारा रिले दिला. शिवाय इन्व्हर्टरला नुसते किलोवॅट देण्याऐवजी थोडे केव्हीएआरही द्यायला लावता येतात, हे फार कमी ठिकाणी वापरलं जातं. त्याचा पॉवर फॅक्टर ०.९ वर ठेवला तर ३० किलोवॅटबरोबर तो साडेचौदा केव्हीएआर देतो, आणि ४० किलोवॅटच्या इन्व्हर्टरमध्ये तेवढी जागा सहज असते. हे केव्हीएआर सोलरबरोबरच वाढतात आणि सोलरबरोबरच जातात, म्हणून हलक्या भाराला जनरेटरच्या मानेवर बसत नाहीत. सेटिंग सोलरवाल्याच्या पासवर्डमागे होतं. त्यांच्या माणसानं फोनवर हिशेब ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी बदलून दिलं.

शेजारच्या बागायतदारांनी यावर एक प्रश्न हमखास विचारला: आमच्या सोलर पंपाला हे होईल का? कुसुम योजनेतून किंवा मागेल त्याला सौर कृषी पंपमधून आलेले तीन, पाच, साडेसात एचपीचे पंप असतात त्यांना हा धोका नाही. त्यांचा कंट्रोलर पट्ट्यांच्या डीसीपासून पंपापुरती स्वतःची वीज तयार करतो, त्याला समोर कुणाचं व्होल्टेज लागत नाही, त्यामुळे कुणाशी भांडणही नाही. फक्त ढगाळ दिवशी त्या कंट्रोलरच्या पंपाकडच्या टर्मिनलला जनरेटरची वायर जोडू नका, कंट्रोलर तिथेच जळतो. जनरेटरवर पंप चालवायचाच असेल तर मध्ये चेंजओव्हर हवा, म्हणजे एका वेळी एकच जण पंपाला जोडलेला राहील.

पुढच्या हंगामात फेब्रुवारीत मी पुन्हा ॲनालायझर घेऊन गेलो, मुद्दाम दुपारी एकला. मेन बंद केली. बायका जेवायला उठल्या, कॉम्प्रेसर सुटला, पुन्हा लागला. व्होल्टेज ४१२ ते ४१८ मध्ये, फ्रिक्वेन्सी ५०.३ च्या वर गेली नाही. सायलेन्सरचा जोड कोरडा होता. पुतण्यानं चेंबरचे थर्मोस्टॅट आपल्या आपण थोडे-थोडे पुढे-मागे लावले होते, तिन्ही कॉम्प्रेसर एकदम सुटू नयेत म्हणून. हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

काढून ठेवलेले दोन्ही जुने एव्हीआर मी बरोबर नेले होते आणि दुकानात चाचणीला लावले होते. दोन्ही चांगले निघाले. एक आता जनरेटरच्या पेटीत स्पेअर म्हणून ठेवलाय. दुसरा मुलानं शेजारच्या गावातल्या एका पोल्ट्रीवाल्याला दिला, त्याचा मात्र खरोखरच जळलेला होता. देण्याआधी त्यानं फील्डवर डीसी मोजून खात्री केली होती.